दर्याला दाखवलेली गाडी

मला त्या गाडीची पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती आणि ती मी लपवलीही नाही. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. सुट्टीवर घरी आला की त्याचे हात शिवशिवतात. तशाच एका सुट्टीत त्याने मुंबईहून कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार उचलून आणली. सीटा दोनच, पुढे हे लांबलचक नाक, बूड रस्त्याला टेकलेलं आणि रंग लालभडक. "घरात माणसं किती नि सीटा किती," असं मी विचारलं तर नुसता हसला. मग त्याने मला समजावलं की माझी साधी गाडी पुढच्या चाकांनी ओढते आणि ही मागच्या चाकांनी ढकलते. मला त्यातलं एवढंच कळलं की ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही.

गाडी दारात येते न येते तोच जहाजावरून बोलावणं आलं, ठरल्यापेक्षा बरंच आधी. भाऊ गेला आणि गाडी बोईसरला माझ्या बिल्डिंगखाली राहिली, कारण खाडीकाठच्या आमच्या गावातल्या गल्लीत ती वळायलाच तयार नव्हती. "ताय, मधूनमधून चालव, नायतर बॅटरी बसेल," एवढं सांगून तो मोकळा झाला. मग दर रविवारी सकाळी मी तिला वाणगावच्या रस्त्याने फिरवून आणू लागले. स्पीडब्रेकरवर ती पोट घासायची आणि माझ्याच पोटावरून कुणी पत्रा ओढतंय असं वाटायचं. शिफ्टच्या बसची वाट बघणारी कारखान्यातली पोरं फोन काढून फोटो घ्यायची. एकाने तर विचारलं, "मॅडम, ये चलती भी है?" मी म्हटलं, "चलती है, पण मेरे को नको है."

थंडीतल्या एका पहाटे रस्ता दवाने ओला होता. टँकरने मागे कसलं तरी तेल सांडून ठेवलेलं. वळणावर मी जरा पाय दाबला आणि गाडीचं मागचं अंग एकदम बाजूला गेलं, पुढचं राहिलं तिथेच. एक क्षण मी माझ्या बाजूच्या काचेतून समोरचा रस्ता बघत होते. घरी येऊन भावाला फोन लावला. त्याचं जहाज तेव्हा कुठल्याशा थंड देशाच्या बंदरात उभं होतं.

"ओल्यावर पाय हलका ठेव," तो म्हणाला. "हितं बर्फ पडला का लोकं अशा गाडीच्या डिकीत वाळूच्या गोणी टाकतात. मागं वजन आसलं तरच चाक जमीन धरतं."

"आपल्याकडे बर्फ पडतो तो फक्त बंदरावरच्या मशीनमधून," मी म्हटलं. यावर आम्ही दोघंही हसलो.

आमचे बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, हे त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आदल्या वर्षी ते ओट्यावरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण माणूस खाटेला धरून बसला तो बसलाच. काठी दिली की ती भिंतीला टेकवून ठेवायचे. बंदरावर चला म्हटलं की तोंड फिरवायचे. सगळा जन्म हलत्या फळीवर उभा राहून काढलेला माणूस न्हाणीपर्यंत जायलाही आईला हाक मारायचा. आम्ही गोड बोललो, रागावलो, रुसून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

अशात एका शनिवारी मी गावी गेले होते तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं, "त्याची गाडी दर्याला दाखवली काय?"

आमच्या घरात बोट असो, जाळं असो, की स्कूटर, नवी वस्तू दर्याला दाखवल्याशिवाय वापरत नाहीत. गाडी असेल तर ती बंदराच्या उतारावरून खाली न्यायची, पुढच्या चाकांना पाणी लागलं पाहिजे, आणि मग नारळ द्यायचा. हे सगळं भरतीलाच करायचं. ओहोटीला दाखवलेली वस्तू पाण्यामागे जाते म्हणतात. आमच्या घरातल्या रिक्षा, टेम्पो, माझी स्वतःची गाडी, सगळ्यांनी त्या उतारावर पाय धुतलेले आहेत. भावाला मात्र घाईत वेळच मिळाला नव्हता.

"वापरलेली गाडी आहे ती बाबा," मी टाळायला बघितलं.

"आपल्या घरात नवीच ना? पोरगा दर्यात हाय नि त्याची गाडी दर्यानं बघितली नाय. मला झोप नाय येत." मग म्हणाले, "मी पन येतो."

या शेवटच्या तीन शब्दांनी माझा निकाल लागला. वर्षभर उंबरा न ओलांडलेला माणूस स्वतःच्या तोंडाने येतो म्हणत होता. आई माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं आणि रात्रभर त्या उताराचा विचार करत पडले.

रविवारी सकाळी मी बोईसरहून पाम गावावरून गाडी आणली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी केली. बाबांना आई आणि मी दोन्हीकडून धरून तिथवर आणलं. सीट इतकी खाली की त्यांना बसवावं लागलं नाही, सोडावं लागलं. ते घसरत आत गेले, पाय लांब झाले, आणि दार लावल्यावर त्यांची नजर जेमतेम काचेच्या वर आली. इथून त्यांना उतरवायचं कसं, हा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही. सीटा दोनच, म्हणून आई घरी राहिली.

बंदरावर थंडीतलं कोवळं ऊन होतं. काठ्यांवर बोंबील वाळत होते. पाणी चढत होतं. उतारावर माझी काकी इतर बायांबरोबर मासळीच्या पाट्या धूत होती. ती बाबांच्या धाकट्या भावाची बायको, अंगाने भक्कम, मासळी बाजारात तिच्या आवाजाला गिऱ्हाईकच काय पोलीसही बिचकतात. काचेतून बाबांना बघून तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच मलाच ओरडली, "हलू हलू घे गं, शेवाळ हाय खाली."

मी हळूच उतरवली. उतार जिथे संपतो तिथलं सिमेंट तुटलेलं आहे आणि त्यापुढे बोटी यायच्या-जायच्या पाण्याचा खोल भाग आहे. त्याच्या बऱ्यापैकी अलीकडे मी थांबले. पुढच्या चाकांना पाणी लागलं. काकीने बोनेटवर हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडून पाण्यात दिला. बाबांनी आतूनच हात जोडले. ते काहीतरी पुटपुटत होते, त्यात भावाचं नाव होतं. मग हसले. खूप दिवसांनी त्यांचे पुढचे दात बघितले मी.

हे चाललेलं असताना आमच्या मागे, उताराच्या वरच्या टोकाला, एका बोटीसाठी बर्फ भरायला सुरुवात झाली होती. मशीनमध्ये लादी टाकली की ती कडाकडा फुटते आणि चुरा पन्हाळीतून खाली, उताराच्या कडेला लागलेल्या बोटीत येतो. पन्हाळीचं तोंड नीट बसवलेलं नव्हतं. तो चुरा बोटीत कमी आणि उतारावर जास्त पडला, आणि घसरत घसरत थेट आमच्या मागच्या चाकांपर्यंत आला. मी आरशात बघितलं तर मागे सगळं पांढरं. मासळीच्या तेलकट पाण्यावर बर्फाचा थर.

मी रिव्हर्स टाकला आणि पाय अगदी हलका ठेवला. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली. गाडी वर जायच्या ऐवजी वीतभर खाली गेली. ब्रेक दाबला. थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गाडीचं सगळं वजन उताराला लागून नाकावर आलं होतं, आणि जी चाकं ढकलणार ती मागे हलकी होऊन बर्फावर नाचत होती. हँडब्रेक ओढला, पण तोही त्याच मागच्या चाकांना धरणारा. ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की गाडी सरकायची. पाणी दिव्यांच्या खालपर्यंत आलं. आणि भरती होती, ते चढतच होतं.

वर लोक धावायला लागले. मशीन बंद झालं. कुणी दोर आणला, पण त्या गुळगुळीत गाडीला मागे दोर बांधायला काही सापडेना. कुणी दार उघडून बाबांना ओढायला बघितलं. दार उघडताना त्याचाच पाय शेवाळावर सटकला, तो दाराला लोंबकळला, आणि तेवढ्या हिसक्याने गाडी पुन्हा सरकली. "कोनी हात लावू नका," बाबा ओरडले. तो त्यांचा बोटीवरचा आवाज होता.

मग ते माझ्याकडे न बघता हळू बोलले. "बाय, तू उतर."

"पाय उचलला तर गाडी जाईल, बाबा."

"जाव दे. मी पोहून येतो."

"तुमचा पाय..."

"पोहायला पाय नाय लागत. मी दर्यात जन्म काढला. तुजी पोरं हायत घरी. उतर सांगतो ना."

काच बंद, दार पुन्हा लागलेलं, आणि हा माणूस त्या सीटमधून स्वतःचं ढुंगणसुद्धा उचलू शकत नाही, तो पोहून येणार होता. ही गाडी पाण्यात गेली तर आत काय होईल ते मला एकामागून एक दिसत होतं. मी उतरले नाही म्हणून कुणी मला धीराची म्हणेल, तर तसं काही नव्हतं. माझा पाय ब्रेकवर आखडला होता आणि मी उचलू म्हटलं असतं तरी तो उचलला गेला नसता.

तेवढ्यात वाळूच्या गोण्या आठवल्या. मी काच खाली करून ओरडले, "काकी, मागे बसा. सगळ्या जणी डिकीवर बसा."

आणि कुणीही बसेना. बाया भोवती उभ्या, पण बोनेटवर ओलं हळदकुंकू, गळ्यात हार, आत्ताच नारळ दिलेला. अशा गाडीवर बूड टेकवायचं कसं? "पूजेची गाडी गं ती," एकजण म्हणाली, "पाप लागंल." दुसरी म्हणाली, "पोराची नवी गाडी, पत्रा बसंल." मी रडायला लागले. पाणी हाराच्या टोकाला लागलं होतं.

काकीने पायातल्या चपला काढल्या. गाडीला हात जोडले, डोकं टेकवलं, म्हणाली, "माफ कर," आणि वळून डिकीवर बसली. पत्रा खणकन आत गेला. गाडीचं बूड दबलं. मग बाकीच्यांनीही हात जोडले आणि एकेक करून चढल्या, एकमेकींच्या मांडीवर, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून. कुणीतरी चाकांमागे गोणपाट सरकवले, वर वाळू फेकली. "हलू पाय," काकी मागून म्हणाली, "आमी हाव."

ब्रेकवरून पाय काढायचा तो क्षण मी अजून विसरलेले नाही. गाडी खाली गेली, जराशी. बाबांनी श्वास आत घेतलेला मी ऐकला. मग मागे चाक कशाला तरी लागलं, फिरलं, घसरलं, पुन्हा लागलं, आणि गाडी वर सरकली. मागे बाया ओरडत होत्या, जळलेल्या रबराचा वास येत होता, आणि मी आरशात नुसत्या पाठी बघत गाडी मागे घेत होते. बर्फ संपला, सुकं सिमेंट आलं, तरी मी थांबले नाही. वाळत घातलेल्या बोंबलांपर्यंत नेली आणि मग बंद केली.

काकी उतरली. दबलेल्या पत्र्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बाबा त्यांच्या बाजूच्या काचेतून जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगत होते, "उतर उतर सांगतो तं ऐकत नाय. मला काय भ्याव हाय पान्याचं? तिची पोरं हायत लहान. लय हट्टी हाय." सगळे माना हलवत होते. त्यांचा आवाज ठणठणीत होता.

काकीने माझ्या बाजूचं दार उघडलं. "उतर बाय आता. पाय मोकळे कर."

मी एक पाय बाहेर टाकला आणि उठायला गेले, तर ओढणी गळ्याशी ताणली गेली. दारात अडकली असेल म्हणून मागे बघितलं. ओढणीचं दुसरं टोक बाबांच्या उजव्या मुठीत होतं. बोटांभोवती दोन-तीन वेढे घेतलेले, नखं पांढरी पडलेली. ते तिकडे तोंड करून लोकांशी बोलतच होते. आपल्या हातात काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

काकीनेही ते बघितलं. मूठ सोडवायला तिने हात पुढे केला. मी तिला नको म्हटलं, पाय आत घेतला आणि सीटवर बसून राहिले.