टेपचं दुसरं टोक

दहिसरच्या त्या बिल्डिंगमध्ये 'व्हिडिओवाली कुठे राहते' असं विचारलं, की तिसऱ्या मजल्याकडे बोट जायचं. जान्हवी घाडी हे तिचं नाव रेशनकार्डावर होतं, पण तिथून ते बाहेर फारसं पडत नसे.

धंदा नवऱ्याचा, नितेशचा. हळद, लग्न, पूजा, बारसं, जे समोर येईल त्याचं शूटिंग. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आठ दिवसांत गेला. फोनवरून हळहळणारी माणसं महिन्याभरात आपापल्या कामाला लागली आणि कपाटात दोन कॅमेरे आणि कबूल केलेली दोन लग्नं तेवढी मागे राहिली. जान्हवी त्याच्या शेजारी बसून एडिटिंग करायची. कॅमेरा तिने कधी धरला नव्हता, तो आता धरला. शिकवायला कुणी नव्हतं. इंटरनेटवर कुठली कुठली माणसं तास-तासभर बडबडत असतात, त्यांचं ऐकून शिकली. पहिल्या लग्नाच्या व्हिडिओत नवरीची आई सोडून सगळे आले. दुसऱ्यात आई आली, पण मंगलाष्टकं निसटली. तिसऱ्यापासून जमलं. हळदीच्या घरात एखादी मावशी तिच्या कपाळाकडे बघून कुजबुजायची, नाही असं नाही. जान्हवी मग कॅमेरा डोळ्याला लावून कामाला लागायची.

घरात ती आणि सासरे. बाळा घाडी, म्हणजे आबा. कणकवलीकडून कोवळ्या वयात मुंबईला आलेले, गिरणीत साचेखात्यात मागांवर राबलेले, आता सत्तरीपुढचे. नितेश गेल्यापासून ते बोलेनासे झाले होते. "आबा, जेवून घ्या," असं जान्हवी खाली मान घालून हळूच म्हणायची, कारण सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही हे माहेरहून अंगात मुरलेलं. आबा टीव्हीकडे बघत राहायचे. टीव्ही असा लावायचे, की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या आयत्या मिळत. जान्हवीने या सगळ्याचा एकच अर्थ लावला होता: मुलगा गेला आणि सून उरली, हे त्यांना बघवत नाही. चार वर्षं तिने तो अर्थ मनात जपून ठेवला, आणि एकदाही तो खरा का खोटा हे विचारलं नाही. बाई हुशार होती, पण या बाबतीत ठार वेडी होती, असंच म्हणायला हवं.

मुलुंडच्या एका लग्नात नवरीच्या आत्याने तिला हेरलं. आत्या म्हणजे माधुरी दाते, अंधेरीला ऑफिस असलेली सिनेमॅटोग्राफर. नवरी खिडकीपाशी मुंडावळ्या बांधून घेत होती आणि जान्हवीने आपला लाईट बंद करून ठेवला होता.

"लाईट का नाही लावलास गं?"

"खिडकीतून येतोय की, मॅडम."

माधुरीने त्याच वेळी तिचा नंबर घेतला. ती एक छोटा सिनेमा करणार होती, आणि तोही डिजिटलवर नाही, खऱ्या फिल्मवर. फोकस सांभाळायला तिला माणूस हवं होतं. आठवड्याभराने तिने जान्हवीला ऑफिसात बोलावून टेबलावर एक जुना चावीचा कॅमेरा ठेवला, शेजारी एक लाईट मीटर आणि फिल्मचा एकच डबा.

"पावणेतीन मिनिटं आहेत यात. एक माणूस, एक चेहरा, खिडकीचा उजेड. फोकस टेपने मोजायचा. कॅमेऱ्यावर ही खूण आहे ना, इथून थेट माणसाच्या डोळ्यापर्यंत. लेन्स लांबची आहे, चार बोटं पुढेमागे झालं तरी वाट लागते. चेहरा शार्प आणलास तर युनिटमध्ये तू."

"आणि नाही आणला तर?"

"तर लग्नं आहेतच की तुझी."

लग्नं होतीच. त्यांतून सुटायचं होतं म्हणून तर जान्हवीला रात्रंदिवस त्या डब्याशिवाय काही सुचेना. दुसऱ्याच्या घरच्या आनंदात कोपऱ्यात उभं राहून तिचा जीव विटला होता. फोकससाठी टेप धरून उभं राहणं हे काही फार मोठं काम नव्हे, पण ते तिचं स्वतःचं झालं असतं.

डबा उघडण्याआधी दोन महिने ती रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकली. व्हिडिओत सोय असते. घेतलं की लगेच स्क्रीनवर दिसतं, आणि नवरीच्या मावश्या-काकवा 'दाखव, दाखव' करत पाठीवर पडतात. इथे दाखवायला काही नाही आणि बघायला कुणी नाही. आधी नुसत्या डोळ्याने उजेडाचा आकडा सांगायचा, मग मीटर बघायचं आणि आपण किती चुकलो ते मनात टिपून ठेवायचं. पुढेपुढे चुका कमी झाल्या. एकदा सलग पाच आकडे बरोबर आले, तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसली आणि मग सांगायला कुणी नाही म्हणून तिला फार वाईट वाटलं.

टेपचं मात्र अवघड. टेपला दोन टोकं. एक कॅमेऱ्याशी धरलं, की दुसरं धरायला माणूस लागतो. जान्हवीने कपड्यांच्या चिमट्याने ते फ्रिजला लावलं, गॅसच्या सिलिंडरला लावलं, दोरीवरच्या टॉवेलला लावलं. महिन्याभरात घरातल्या झाडून सगळ्या वस्तू मोजून झाल्या.

चेहरा कुणाचा, हा प्रश्न राहिला. शेजारच्या मीराला विचारलं, तर तिला आधी पार्लरला जायचं होतं. आणि खिडकीत हवा तसा उजेड यायचा सकाळी दहाला, तेव्हा बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नसायचं. उरले आबा. दोन दिवस धीर गोळा करून ती त्यांच्यासमोर गेली आणि कॅमेऱ्याकडे बोट करत पुटपुटली, "आबा, जरा खिडकीत बसाल?" आबा तिच्या बोटाकडे बघत होते. उठून आत गेले. जान्हवीला वाटलं, झालं, बिनसलं. पाच मिनिटांनी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून बाहेर आले आणि मुकाट्याने खुर्चीत बसले.

टेप हातात घेऊन जान्हवी दोन पावलं पुढे झाली आणि थबकली. हे टोक न्यायचं कुठे, तर सासऱ्यांच्या डोळ्याशी. त्यांच्या तोंडासमोर वाकून उभं राहायचं, श्वास लागेल एवढं जवळ. चौदा वर्षांच्या संसारात पाया पडण्यापलीकडे ती त्यांच्या जवळ गेली नव्हती. तिचा हात पुढे होईना. मग तिने तोडगा काढला. आबांच्या बाजूने हात घालून टेप खुर्चीच्या पाठीला लावला आणि पाठ टेकलेल्या माणसाचे डोळे जेवढे पुढे येतील तेवढी वीतभर वजा केली. सहा फूट दोन इंच. दोन महिन्यांच्या सरावाने हिशोब चोख होता.

चावी दिली की कॅमेरा सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद घरघरतो आणि दमतो. म्हणून जान्हवी तोंडाने सेकंद मोजत होती. एक, दोन, तीन. पंधराच्या आसपास आबा किंचित पुढे झाले. तिला ते दिसलं. 'आबा, मागे टेका' एवढंच म्हणायचं होतं. पण मोठ्या माणसाला, तेही चार वर्षांत पहिल्यांदा आपलं ऐकून बसलेल्या माणसाला, असं बस नि तसं बस कसं सांगायचं? तिने विषय सोडला. चावी देताना आबा पुन्हा मागे टेकत, आणि ती मोजायला लागली की पुन्हा पुढे येत. सहाही वेळा तसंच झालं आणि रोल संपला.

डबा बाहेरगावच्या लॅबला गेला. मधल्या पाच आठवड्यांत जान्हवीने घाटकोपरला दोन लग्नं आणि बोरिवलीला एक साखरपुडा केला. एकातही तिचं लक्ष नव्हतं. आबांनी रोज संध्याकाळी एकदा कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, विचारलं मात्र काही नाही.

अंधेरीच्या ऑफिसात माधुरीने पडदे ओढले. पहिलं चित्र उमटलं. असा उजेड तिने आयुष्यात घेतला नव्हता. सदऱ्याचा पांढरा, भिंतीचा मळका हिरवा, गालावर हळूहळू उतरत गेलेली सावली. खुर्चीच्या वेताचा पीळन् पीळ दिसत होता. मागच्या भिंतीवरचा खिळासुद्धा ओळखू येत होता. आबा तेवढे धूसर होते. सुरुवातीचे काही क्षण नाक-डोळे स्पष्ट असायचे आणि मग चेहरा विरघळत जायचा.

"टेप कुठे लावलास?" माधुरीने विचारलं.

"खुर्चीला."

"का?"

"सासरे आहेत, मॅडम."

माधुरीने पडदे बाजूला सारले. मग म्हणाली, "उजेड झकास वाचतेस. खोटं नाही सांगत. पण पुढच्या सोमवारी शूट सुरू होतंय गं, आणि तिथे मला डोळ्यापर्यंत जाणारं माणूस पाहिजे."

जान्हवीने "हो" म्हटलं, कॅमेरा आणि मीटर परत दिलं. तिने क्लिप मागितली, ती माधुरीने लगेच फोनवर पाठवली. स्टेशनपर्यंतच्या रस्त्यात जान्हवीला रडू येत होतं आणि ते कुणावर काढावं तेही कळत नव्हतं. घरी पोचली तेव्हा पाच वाजले होते. आबांनी चक्क टीव्ही बंद केला.

"कसो दिसतंय मी?"

इतक्या दिवसांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. "नीट नाही आलं, आबा," ती नेहमीसारखी खाली बघून म्हणाली. उत्तर आलं नाही म्हणून तिने मान वर केली. आबा खुर्चीतून पुढे वाकले होते, मान थोडी तिरकी, नजर तिच्या ओठांवर. आजच दुपारी अंधेरीच्या पडद्यावर तिने हे सहा वेळा बघितलं होतं.

"तुम्हाला ऐकू येत नाही, आबा?" ती ओरडली. त्या घरात ती पहिल्यांदाच ओरडली.

"साच्यांच्या आवाजान एक कान तेवाच गेलो. दुसरो हल्ली चाललो."

"मग सांगायचं नाही?"

"कोणाक सांगू? तू बोलणंस नाय. म्हटलं, झील गेलो, आता सुनेक म्हातारो जड झालो आसतलो." आबांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. "त्या दिवशी तुझा तोंड हलताना दिसला. मशीन घरघरता, ऐकाक येय नाय. म्हटलं, इतक्या दिवसांनी चेडू कायतरी सांगताहा, तर ऐकूया. म्हणान फुडे झालंय. काय सांगी होतंस गो?"

जान्हवीला खोटं बोलता आलं असतं. "सेकंद मोजत होते, आबा," ती मोठ्याने म्हणाली. "नुसते आकडे."

"सगळा वेळ?"

"हो."

आबांनी त्यावर जरा विचार केला. "बरां," ते म्हणाले. "मगे आता सांग."

जान्हवीने स्टूल ओढून त्यांच्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाशी लावलं. आबा तसेच वाकून थांबले. मग तिने खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात नितेशचं नाव घेतलं.