आईची कळ

मंडळी, आज आमच्या झाशीत ओरछा गेटजवळच्या मोबाइलच्या दुकानात माझी चांगलीच फजिती झाली.

आईचा फोन चार दिवस मधेच हँग होत होता, मग आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होत होता. मी अ‍ॅप काढून टाकली, अपडेट केलं, चार्जर बदलला. काही फरक नाही. उरला एकच उपाय, रीसेट. पण त्यात वारलेल्या मामाचे व्हॉइस मेसेज आहेत. ते दुसऱ्या फोनवर उतरवून घ्यायला जावं, तर हा फोन मधेच बंद.

दुकानात आईने सांगितलं, "भैया, इसकी कल अटक गई है."

"कल अटका था? और आज, माताजी?"

"आज भी कल ही अटकी है!"

भैया माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे. घरीही चार दिवस ती हेच म्हणत होती, "अरे, कळ अटकलीय." मला कळ माहीत होती ती फक्त पोटात येणारी. मला वाटलं, वैतागून काहीतरी बोलतेय.

शेवटी आईने बोट ठेवून दाखवलं. फोनच्या बाजूचं बटण! मीच हौसेने घातलेल्या घट्ट कव्हरखाली ते दाबलेलं राहत होतं. कव्हर काढलं. दुपारपासून फोन एकदाही बंद पडलेला नाही. मामाचा आवाजही शाबूत आहे.

आम्ही झाशीवाले सगळ्यांना ऐटीत सांगतो, मराठी बोलताना अडखळतो, पण समजते सगळी.

खरंच समजते का हो?