बायोडाटातलं ब्रॉड-माइंडेड

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्याकडं येतं. गॅसचा मेसेज, औषधाची बाटली आणि गेल्या वर्षी आक्काच्या लग्नाचा बायोडाटा.

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात शब्द जोडून विशेषणं करायला शिकवलं होतं. ओपन आणि माइंड जोडा, मागं एक शेपूट लावा, मोकळ्या मनाचा माणूस तयार. ओपनच्या जागी ब्रॉड घाला, तो उदार होतो. नॅरो घातलं की तोच माणूस कोता. मला हे फार आवडलं. आमच्याकडं माणसाचं मन मोठं व्हायला जन्म जातो. इंग्रजीत मधली एक आडवी रेघ पुरते.

बायोडाटात मी आक्काचं शिक्षण आणि मच्छे गावच्या कारखान्यातली नोकरी लिहिली. खाली टाकलं, 'ब्रॉड-माइंडेड फॅमिली'. आप्पांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "चांगलं दिसतंय."

ते कुणी खरंच मनावर घेईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण सदलग्याहून पाहुणे आले. आक्का आणि मुलगा बाहेर कट्ट्यावर बसून बोलले. आक्का आत आली ती हसतच. मग मुलाची आई अडखळत म्हणाली, "तुमी ब्रॉड-माइंडेड म्हणून लिवलाय न्हवं, म्हणून धीर करून आलो. आमच्या घरात कन्नडच बोलत्यात."

आप्पांनी हातातला कप खाली ठेवला. "कळवतो," एवढंच म्हणाले.

पाहुणे गेल्यावर आप्पांचा आवाज चढला. "माणसं आपल्यातलीच, पर घरात कन्नड! उद्या नातवंडं मला आजोबा सोडून कन्नडातलं अज्जा म्हणणार व्हय?"

"मग आता भावकीतली पोरं काय म्हणत्यात?" आईनं विचारलं. पोरं त्यांना आज्जाच म्हणतात.

आप्पा माझ्याकडं वळले. "ते ब्रॉड काढून टाक रं."

त्याच्या जागी काय घालू, असं विचारायचा मला धीर झाला नाही. आक्काच बोलली.

"फॅमिली तेवढं काढ. ब्रॉड-माइंडेड माझ्या नावापुढं लाव. मला मुलगा पसंत हाय, आप्पा."

दुसऱ्या दिवशी नकार कळवायला आप्पांनी मुलाच्या वडलांना फोन लावला. नकार गोडीनं द्यावा म्हणून सुरुवात कन्नडमध्ये केली. आप्पांचं कन्नड झकास आहे. निपाणीच्या बाजारात तंबाखूची घासाघीस ते त्याच भाषेत करतात. बोलणं उसावर गेलं, तिथून गुडघेदुखीवर. आप्पा मोठ्यानं हसले. आक्का पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती.

शेवटी त्यांनी फोन ठेवला.

"सांगितलंसा?" आईनं विचारलं.

"ऐतवारी परत यायला लागलेत. सुपारी फोडू म्हणत्यात."

"आणि न्हाय म्हणायचं होतं ते?"

"बोलायच्या नादात ऱ्हायलं की गं."

आक्का आत पळाली. भाकरी थापल्याचा आवाज रोजच्यापेक्षा बराच जोरात येऊ लागला. मी चाचरत विचारलं, "आप्पा, मग ते ब्रॉड काढू?"

"ऱ्हाऊ दे आता," आप्पा म्हणाले. "लोकं वाचत्यात."