वानखड्यांची तीन बोटं

चिंचाळ्याहून ‘बंद झाली’ असा निरोप आला आणि वानखड्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट मिटलं. अजून दोन मिटायची होती. तिकडे कुहीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधल्या एका खांबाखाली श्रावण लाइनमन उभा होता. वर इन्सुलेटर तडकला होता. तिन्ही बोटं मिटल्याशिवाय त्याला चढता येत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वीज खात्यात, नागपूरच्या कंट्रोल रूममध्ये ज्युनियर इंजिनिअर होतो आणि वानखडे आमचे सीनियर ऑपरेटर. श्रावणच्या त्या खांबावर चिंचाळा, हिवरबोडी आणि पांजरटोली अशा तीन सबस्टेशनांच्या तारा एकत्र येत. दोन बंद करून भागत नसे. तिसऱ्याची वीज तेवढीच जीवघेणी.

कंट्रोल रूम, तिन्ही सबस्टेशनं आणि लाइनवरची गँग असे सगळे फोनच्या एकाच तारेवर होतो. गँगवाले त्या तारेला आकडे लावून हातातला फोन जोडत. खरखर इतकी, की शब्द कळे पण आवाज कोणाचा ते कळत नसे.

म्हणून पद्धत ठरलेली होती. आधी चिंचाळ्याला सांगायचं. तिथला ऑपरेटर यार्डात जाऊन स्विच उघडणार. उघडणं म्हणजे आमच्या भाषेत वीज तोडणं. मग कुलूप लावून तो फोनवर परत येणार. त्यानंतर हिवरबोडी, शेवटी पांजरटोली. वेळ फार जाई, पण निरोप कोणाचा हा प्रश्नच पडत नसे. ज्याला सांगितलं तोच बोलणार.

त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये राइस मिलवाले ठाण मांडून बसले होते. धानाचा हंगाम, गिरण्या सकाळपासून बंद. साहेब दोनदा बाहेर येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “एकेकाची वाट काय पाहता? तिघांना एकदमच सांगा. तिघंही एकाच वेळी यार्डात जातील.”

बोलण्यात चूक काही नव्हती. मलाही पटलं. वानखड्यांनी तिघांना एकदम सांगितलं आणि हात टेबलावर ठेवून बसले.

पहिला निरोप आला, तो मी वर सांगितलाच. त्याने गावाचं नाव घेतलं होतं. वानखडे ‘बरं’ म्हणाले. थोड्या वेळाने खरखरीतून पुन्हा ‘बंद झाली, भाऊ’ असं आलं. दुसरं बोट मिटलं. मग आणखी एक ‘बंद झाली’. तिसरं बोट.

श्रावण हे सगळं खांबाखालून ऐकत होता. त्यानेही तीनच मोजले असणार.

“भाऊ, तिन्ही झाल्या ना? चढू का मी?”

“झाल्या. चढ गा.”

चढल्यावर तारेवर लोखंडी साखळी टाकून ती जमिनीला जोडायची असते, म्हणजे कुठे वीज उरली असली तर आधीच कळतं. पण दोन गँगमध्ये एकच साखळी होती, आणि ती त्या दिवशी दुसऱ्या गँगकडे होती. यावर साहेब, मिलवाले, कोणी काही बोलले नव्हते. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

फोन परत खरखरला.

“भाऊ, पांजरटोली बोलून राहिलो. स्विच जाम झाला. तेल टाकून राहिलो, थोडा वेळ लागन.”

वानखड्यांचा हात तसाच होता, तीन बोटं मिटलेली. त्यांनी एक बोट उघडलं. मग ते फोनमध्ये ओरडू लागले, “श्रावण, उतर. उतर गा!” पण गँगचा फोन खाली गवतात पडला होता आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. आमच्या भिंतीवरच्या मीटरची सुई उडाली आणि खाली आली. श्रावण जागीच गेला.

चौकशी झाली. चिंचाळ्याचा ऑपरेटर रडत खरं ते बोलला, “भाऊचं ‘बरं’ मले ऐकूच नाही आलं. म्हनून मी पुन्हा सांगितलं.” त्याचं काय चुकलं? निरोप पोचला नाही असं वाटलं तर कोणीही पुन्हा सांगतो. एकच उत्तर दोनदा आलं आणि आम्ही ती दोन उत्तरं धरली.

माझा पुतण्या कॉम्प्युटरवाला आहे. हल्ली वेब क्लायंट, म्हणजे आपल्यापुढचं यंत्र, दूरच्या सर्व्हरला एकदम दहा गोष्टी विचारतं. उत्तरं कशीही मागेपुढे येतात. पण प्रत्येक प्रश्नाला नंबर असतो, उत्तर तोच नंबर घेऊन येतं, आणि तेच उत्तर दुसऱ्यांदा आलं तर फेकून देतात. त्याने हे मला मोठ्या कौतुकाने समजावलं. मी ऐकून घेतलं.

श्रावणच्या बायकोला, कौसल्याबाईला, खात्याने नोकरी दिली. कुठे, तर आमच्याच कंट्रोल रूममध्ये पाणी भरायला. देणाऱ्याने विचार केला नसेल. ती कोणाशी बोलत नसे. वानखडे तिच्यासमोर डावा हात टेबलाखाली ठेवत.

एका दुपारी अशीच तीन ठिकाणी एकदम लाइन बंद करायची होती. फोनमधून ‘बंद झाली’ आलं. वानखडे नुसते ‘बरं’ म्हणाले. कौसल्याबाईने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

“कोनाची?” तिने विचारलं.

वानखड्यांनी मान वर केली नाही. त्यांनी फोनमध्ये विचारलं, “कोनाची बंद झाली?” पलीकडून गावाचं नाव आलं. मग ती गेली.

निरोप देणाऱ्याने सबस्टेशनचं नाव आधी सांगावं, असं परिपत्रक नंतर निघालं. उत्तरं मोजू नयेत, कोणाचं आहे ते विचारावं, एवढाच त्याचा अर्थ. ते निघेपर्यंत हे काम कौसल्याबाई करत होती, आणि पगार तिला पाणी भरण्याचा मिळत होता.