दौलतवर घेतलेला संशय

कारंज्याहून आलेल्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरनं दारात उभं राहूनच सांगितलं, ‘‘गुरुजी, तुमचा दौलत गेला. आज सकाळीच, दवाखान्यात.’’ त्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, ‘‘तुले कोणं सांगतलं?’’ बालपणापासूनचा दोस्त मेल्याची बातमीही मी पडताळून घेतली. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. दुधाचा थेंब नखावर टाकून पाहिल्याशिवाय मी दूध घेत नाही, आणि दुकानदार हसून बोलला तर आज मालात काहीतरी खोट आहे असं धरून चालतो. दौलतला हे पक्कं ठाऊक होतं. तो म्हणायचा, ‘‘तू आपल्या सावलीलेही नाव-गाव पुसशील गा.’’ त्याला जाऊन आता दीड महिना झाला... आणि गेली पाच-सहा वर्षं मी सगळ्यात जास्त संशय ज्याच्यावर घेतला, तो हाच माणूस.

आमच्या कामरगावात दौलत विमा विकायचा. सायकल, खाकी पिशवी, खिशाला दोन पेनं. जमीन नव्हती, बोलणं मात्र गोड. वस्तीतली मंडळी आधी त्याला टाळायची. आमची एक म्हातारी काकू तोंडावर म्हणाली होती, ‘‘मरणावर पैसे लावणारा माणूस दारात नोको उभा करू.’’ पण दसऱ्याला दरवर्षी आम्ही सगळे ट्रक करून नागपूरला जायचो. बायामाणसं, लेकरं, शिदोऱ्या, सगळं एका ट्रकात. त्या प्रवासात हातपाय मोडला तर दवाखान्याचा खर्च मिळेल, अशी एका खासगी कंपनीची पॉलिसी दौलतनं आणली आणि घरोघर समजावून सांगितली. हळूहळू वस्तीतल्या बहुतेकांनी ती घेतली. मीही घेतली, पण आधी कंपनीचा पत्ता खरा आहे का ते पत्र टाकून पाहिलं.

पुढं सरकारनं अशा खासगी कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. पॉलिसीचे नवे कागद आले, इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेले. आणि इथं आम्ही जी चूक केली, ती आम्हीच करू जाणे. आमच्या लोकांना माणूस म्हणून उभं केलं ते कायद्यानं. त्यामुळे सावकाराचा कागद आम्ही दहादा उलटून पाहू, पण सरकारी शिक्का दिसला की डोकं टेकवू. विहारात बैठक झाली तेव्हा दौलत म्हणाला, ‘‘आता हे सरकारी झालं, भेव नाही.’’ पटापट सह्या आणि अंगठे झाले. नव्या कागदाच्या मागच्या बाजूला एक कलम होतं. एसटी आणि रेल्वेचा प्रवास चालेल, मालट्रकमधून माणसं गेली तर काही मिळणार नाही. जुन्या पॉलिसीत ही अट नव्हती.

त्याच दसऱ्याला परतताना बडनेऱ्याच्या पुढं आमचा ट्रक रस्त्याच्या कडेला कलंडला. खरचटलं बऱ्याच जणांना, पण माझा धाकटा भाऊ किसन फळीखाली सापडला आणि त्याची मांडी मोडली. अकोल्याच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून त्याला निजवलं. विम्याचा अर्ज गेला, तसाच परत आला. वर त्या कलमाचा आकडा लाल शाईनं लिहिलेला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा... दौलतला हे माहीत होतं का? माहीत असून त्यानं सह्या घेतल्या का?

विम्यानं हात वर केले, पण वस्तीनं केले नाहीत, हे सांगायलाच हवं. किसनजवळ बसायला घरटी पाळी लागली. भाकरीचा डबा रोज सकाळच्या एसटीनं जायचा, ड्रायव्हर तो आपल्या सीटखाली ठेवायचा. किसनच्या शेतात ज्वारी उभी होती, ती सोंगायला इर्जिक झाली. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. इथं जेवू घालणारा खाटेवर, म्हणून लोक आपापल्या भाकरी बांधून आले. सगळ्यांच्या आधी शेताच्या धुऱ्यावर दौलत हजर. ज्या हातानं जन्मभर पेन धरलं त्या हातात विळा. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले, चिंधी बांधून पुन्हा वाकला. अकोल्याला दुसऱ्याच्या पाळीलाही तोच जायचा, किसनचं अंग पुसायचा, भांडं उचलायचा. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. मी म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं. परक्याची घाण कोणी उगाच काढत नाही.

एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला अडवलंच.

‘‘दौलत, खरं सांग, तुले ते कलम ठावं होतं का?’’

त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘‘ठावं असतं तर म्या माही बायको-लेकरं त्याच ट्रकात बसवली असती का, गुरुजी?’’

‘‘तुह्यावाल्यायले कुठं काय झालं?’’ मी म्हणालो.

हे मी बोललो. तो किसनचं भांडं उचलून निघून गेला, आणि त्याच्या निघून जाण्याचाही मी पुरावाच केला. पुढं किसन काठी टेकत घरी आला, दौलतनं विम्याचं काम सोडून कारंज्याला कापसाच्या दुकानात नोकरी धरली. सोडलं म्हणजे काळंबेरं असणार, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. रस्त्यात भेटला तर ‘‘जय भीम गुरुजी’’ म्हणायचा, मी मान हलवून पुढं जायचो.

दौलत गेल्यावर जलदान विधीच्या दिवशी त्याच्या घरून परतताना किसन लंगडत माझ्या सोबतीनं चालत होता. मी पुन्हा तोच विषय काढला. माणूस मेला तरी माझा संशय मेला नव्हता. म्हणालो, तो नवा कागद सह्यांच्या आधी त्यानं मला एकदा शाळेत दाखवला होता, पण वरवर, लगेच पिशवीत घातला.

किसन थांबला. ‘‘दादा, कागद तुह्याकडं आठ दिवस होता.’’

‘‘कोणं सांगतलं?’’

‘‘त्यानंच. दवाखान्यात. म्हणला, मले इंग्रजी येत नाही म्हणून गुरुजीकडं ठेवला, गुरुजीनं ठीक हाय म्हणून वापस देल्ला. अन् मले शपथ घातली, हे गुरुजीले बोलू नोको म्हणून. त्याले वाटलं, तुले इसर पडला असन.’’

विसर पडला होता का... देव जाणे, म्हणजे आमच्यात देवही नाही साक्षीला. पण किसन बोलला आणि मला शाळेतल्या टेबलाचा खण दिसला. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, त्यांच्याखाली तो कागद. पुढचं पान मी वाचलं होतं. शिक्का पाहिला होता. दुधावर, दुकानदारावर, दोस्तावर संशय घेणाऱ्या माणसानं तेवढा एक कागद उलटून पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात दौलतची बायको, कौसाबाई, माझ्याकडं आली. दौलतच्या स्वतःच्या विम्याचा कागद आलाय, अंगठा कुठं लावायचा ते विचारायला. मी म्हणालो, ‘‘वहिनी, कारंज्याले वकील हाय, त्याले दाखवा.’’

‘‘नाही भाऊजी,’’ ती म्हणाली, ‘‘त्यायनं सांगून ठेवलं व्हतं, कागद कोणताही येवो, गुरुजीनं वाचल्याबिगर अंगठा लावू नोको.’’

तिला सगळं माहीत असेल का? मी तिच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं, काही कळेना. ती ओट्यावर पदर सावरून निवांत बसली, मला घाई नाही म्हणाली. मी चष्मा पुसला, कागद घेतला, आणि आधी मागची बाजू वाचायला लागलो.