घरी वापरायचं मशीन

लातूरच्या विमा कार्यालयात मी भाजी घ्यायच्या आधी उरकायचं काम म्हणून गेले होते. बाकावर एक जाडजूड काका बसल्या जागी घोरत होते. अचानक घोरणं थांबलं, श्वासही थांबला. टेबलामागच्या साहेबांच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला. शेजारच्या काकूंनी न बघताच कोपर मारलं, तसे काका धापा टाकत जागे झाले.

"बघितलं ना साहेब? झोपेत असंच होतंय," काकू म्हणाल्या. "डॉक्टरनं श्वासाचं मशीन लिहून दिलंय."

"ते घरी वापरायचं. पॉलिसीत बसत नाही. दवाखान्यात भरती असते तर बघितलं असतं."

"मग रोज झोपायला दवाखान्यात येऊ का?" काकांनी विचारलं. "हप्ते घेताना न्हाई म्हणला, भरती होऊन भरा म्हणून!"

"सध्या काय वापरता?"

काकांनी काकूंकडे बोट दाखवलं. "ही हाय की. रातभर चालू ऱ्हाती."

काकू सोडून सगळे हसले. मीही.

परतीच्या मुरुड बसमध्ये दोघं माझ्या पुढच्याच बाकावर होते. काकू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपल्या होत्या. काका मात्र पेंग आली की स्वतःच्याच मांडीला चिमटा काढत होते.