सताड वहिनी

वहिनींना कशाचंच झाकण लावायची सवय नव्हती. डबा उघडला की उघडाच, कपाट उघडलं की सताड. म्हणून धाकट्या दिरानं त्यांचं नावच पाडलं होतं, ‘सताड वहिनी’. बाई संख्याशास्त्रात पहिल्या आलेल्या. पण हुशारीनं कधी डब्यांची झाकणं लागतात का?

दोघं एकाच रुग्णालयात. दीर डेटाबेस सांभाळायचा, वहिनी त्यातली माहिती ‘आर’ नावाच्या संगणक-प्रणालीत घेऊन आकडेमोड करायच्या. सध्या त्यांना एकाच प्रश्नानं पछाडलं होतं: टाके घालून घरी गेलेले काही रुग्ण ताप घेऊन परत का येतात? सगळंच भारंभार ओढून आणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, नेमकी लिहायच्या: या वॉर्डातले, टाके घातलेले, परत आलेले. डेटाबेस तेवढेच निवडून हातावर ठेवी. धागा हाती लागत आला होता.

आणि एका सकाळी नोंदणीच्या खिडक्या ठप्प! रांग दाराबाहेर गेली. दीर तडक वहिनींच्या खोलीत.

“वहिनी, दर क्वेरीला नवं कनेक्शन उघडता?”

“मग? उघडल्याशिवाय विचारू कशी?”

“आणि जुनं कोण बंद करणार?”

“ते आपोआप होत नाही?”

“होतं ना, आर बंद केलं की! तुमचं आर कधी बंद असतं? सगळ्या जागा तुम्हीच अडवून बसलात. खिडक्यांना डेटाबेसमध्ये शिरायला वाव नाही.”

वहिनींचा चेहरा पडला. दुपारी अधीक्षकांचं फर्मान आलं: बाईंचा डेटाबेसमधला प्रवेश बंद, महिन्याला एक फाइल मिळेल, तिच्यावर भागवा. महिन्याची शिळी फाइल घेऊन तापाचा माग काढायचा म्हणजे वरातीमागून घोडं.

“भाऊजी, माझ्यासाठी शब्द टाका ना. यापुढे आठवणीनं बंद करीन.”

“आठवणीनं? तुम्ही? घरच्या फ्रिजला विचारून बघू का?”

वहिनी चिडल्या, पण करतात काय, खरं होतं ते. मग आठवणीचा नाद सोडून त्यांनी ‘आर’मध्ये एक फंक्शन, म्हणजे आपोआप पाळल्या जाणाऱ्या सूचनांचा संच, लिहिलं: कनेक्शन उघड, क्वेरी विचार, आणि काम फत्ते होवो की मध्येच फसो, बाहेर पडताना बंद कर. दिरानं मुद्दाम डेटाबेसमध्ये नसलेला तक्ता मागून पाहिला. क्वेरी आपटली, पण कनेक्शन निमूट बंद झालं. आणखी वेडंवाकडं विचारलं. तरी बंद.

“चला, जामीन राहतो तुम्हाला,” तो म्हणाला आणि अधीक्षकांकडे गेला. त्यांनी बरीच कुरकुर केली, दोनदा चष्मा पुसला, आणि प्रवेश परत दिला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात भाजी हातात घेऊन तावातावानं सांगत होत्या, “सुट्टीच्या आदल्या दिवशी घरी सोडलेलेच परत येतात, भाऊजी! दुसऱ्या दिवशी त्यांचं ड्रेसिंग बदलायला कुणी नसतंच!” मागे फ्रिज सताड उघडा.

दिरानं उठून दार लावलं. “इथेही लिहा की एखादं फंक्शन!”

“इथे कशाला?” वहिनी म्हणाल्या. “इथे तुम्ही आहात की.”